खांदा, खडक आणि तांब्याचा वायसर: तिन्हीकडे डिसलोकेशनच?

सुकी_सुरमई
मंडळी, प्रश्न जरा विचित्र आहे, पण इथे सगळ्या प्रकारची माणसं आहेत म्हणून विचारते.

आमची बोट हर्णै बंदरात असते. मे अखेरच्या फेरीत जाळं ओढताना लाट आली, बोट कलली आणि माझ्या धाकट्या भावाचा हात जाळ्यात अडकलेला तसाच वर नि मागे खेचला गेला. खांदा निखळला. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, म्हणाला, थांब, आत्ता बसवतो. भाऊ इतका ओरडला की त्याने हात आखडता घेतला. किनाऱ्याला लागल्यावर डॉक्टरांकडे नेलं, फोटो काढला, खांदा बसवला. चिठ्ठीवर लिहिलंय: 'अँटीरिअर डिसलोकेशन'.

आमचे चिरंजीव मेकॅनिकल डिप्लोमाला. चिठ्ठी बघून म्हणतो, "आई, आमच्या मटेरियल सायन्सला पण डिसलोकेशनचा आख्खा धडा आहे. ते नसतं तर लोखंड वाकलंच नसतं." त्यात शेजारी बोअर मारायच्या आधी जमीन बघायला आलेले गृहस्थ म्हणाले, खाली खडकात डिसलोकेशन दिसतंय, पाण्याचं सांगता येत नाही.

माणसाच्या खांद्यात झालं की बोंब आणि लोखंडात असलं की चांगलं, हे काय गौडबंगाल आहे? आणि तांडेलाने तिथेच बसवलं असतं तर बिघडलं असतं का? घरात यावरून दोन तट पडलेत.

खाजणातला_खेकडा
आमच्या मालवणात खांदो सरकलो तर आज्याक हाक मारीत. तेलाचो हात लावन असो झटको देय की माणूस 'आये' म्हणान बोंबलता, पण खांदो बसता. फोटो-बिटो काय नाय. डॉक्टरलोक आता माका खातले.

हाडांचा_हिशेब
खात नाही. पण आजोबांच्या हातून न बसलेल्या खांद्यांची गोष्ट कोणी सांगत नाही, ती आमच्याकडे येते.

सुरमईताई, आधी तुमच्या भावाचं. खांद्याची वाटी फार उथळ असते. दंडाच्या हाडाचं गोल डोकं मोठं, आणि कुठल्याही क्षणी त्याचा जेमतेम चौथा-तिसरा हिस्साच वाटीला टेकलेला असतो. बाकी सगळी भिस्त वाटीच्या कडेची कुर्चा, अस्थिबंध आणि स्नायू यांच्यावर. म्हणून तर हात सगळीकडे फिरतो, आणि म्हणूनच शरीरातल्या मोठ्या सांध्यांत सगळ्यात जास्त निखळतो तो हाच. शंभरात पंचाण्णवहून जास्त वेळा डोकं पुढच्या बाजूला सरकतं, तेच चिठ्ठीवरचं 'अँटीरिअर'. हात वर, बाहेर आणि मागे एकदम खेचला गेला की हे हमखास होतं. जाळ्यात नेमकं तेच झालं. खांद्याचा गोलवा जाऊन तो चौकोनी दिसतो, आणि माणूस दुसऱ्या हाताने तो हात धरून बसतो, कुणाला शिवू देत नाही.

आता तांडेलाचा मुद्दा. ओढण्याआधी तीन गोष्टी बघाव्या लागतात, आणि डोलणाऱ्या बोटीवर त्या धड होत नाहीत. एक, मनगटाची नाडी लागते का. दुसरी, दंडाच्या बाहेरच्या बाजूला, पोलिसाच्या बाहीवर बिल्ला असतो त्या जागी स्पर्श कळतो का. तिथली नस हाडाच्या गळ्याला वळसा घालून जाते आणि डोकं सरकलं की ताणली जाते. ती आधीच दुखावलेली असेल तर नोंद हवी, नाहीतर बसवणाऱ्याने बिघडवली असं होतं. आणि तिसरी, हाड मोडलंय का. मोडलेल्या हाडाला सांधा समजून झटका दिला तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून बसवण्याआधी फोटो आणि बसवल्यावर पुन्हा फोटो.

झटका हा शब्दच मला खटकतो. स्नायू सैल पडले की खांदा हळू ओढीने, कधी नुसत्या हात फिरवण्यानेही बसतो. कोखरची पद्धत १८७० ची आहे, त्याआधी हिपोक्रेटीसच्या नावाने चालणारी काखेत टाच देऊन ओढायची पद्धत होती. आता वेदनाशामक आणि गुंगीचं औषध देतात. जोर जितका जास्त तितकी नस, रक्तवाहिनी आणि हाड धोक्यात.

उनाड_वारा
डॉक्टर, पण आपल्याकडे ही विद्या जुनी आहे ना? सुश्रुताने लिहिलंय म्हणतात.

हाडांचा_हिशेब
लिहिलंय आणि चांगलं लिहिलंय. निदानस्थानाच्या पंधराव्या अध्यायात त्याने मोडलेलं हाड आणि सुटलेला सांधा हे दोन वेगळे काढले. सुटलेल्या सांध्याचे सहा प्रकार: उत्पिष्ट, विश्लिष्ट, विवर्तित, अवक्षिप्त, अतिक्षिप्त, तिर्यक्क्षिप्त. हाड किती सरकलं, कुठल्या दिशेला सरकलं, असा त्याचा हिशेब आहे. आजही आम्ही तेच विचारतो: पुढे, मागे की खाली, आणि पूर्ण सुटला की अर्धवट. त्याच्या नावावर झटके देणाऱ्यांनी आधी त्याचं हे वर्गीकरण तरी वाचावं, एवढंच माझं म्हणणं.

एक गंमत सांगतो. खांदा मागच्या बाजूला निखळणं दुर्मीळ. पण विजेचा झटका बसलेला किंवा फीट आलेला माणूस खांदा धरून आला की ते आधी मनात आणायचं. समोरून काढलेल्या एकाच फोटोत तो चक्क नॉर्मल वाटू शकतो. म्हणून दुसऱ्या बाजूचाही फोटो लागतोच.

भट्टीवाला
डॉक्टरांचं आटपलं असेल तर धातूंकडे येऊ. पुण्याकडे फोर्जिंगमध्ये नोकरी केली, आता चिपळूणला निवांत असतो.

चिरंजीव बरोबर बोलले. धातू म्हणजे अणूंच्या ओळींवर ओळी, कवायतीला उभ्या केल्यासारख्या. धातू वाकतो तेव्हा एक थर दुसऱ्यावरून सरकतो. १९२६ मध्ये फ्रेंकेलने हिशेब मांडला की आख्खा थर एका दमात सरकवायला किती जोर लागेल. आकडा आला अफाट. प्रत्यक्षात मऊ, शुद्ध धातूचा स्फटिक त्याच्या हजारपट कमी जोरावर वाकतो. म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं.

१९३४ मध्ये तिघांनी, टेलर, ओरोवान आणि पोलान्यी यांनी, आपापल्या वाटेने एकच उत्तर दिलं: थर एकदम सरकतच नाही. ओळींमध्ये एखादी अर्धीच ओळ घुसलेली असते. तिच्या टोकाशी जी बिघडलेली रेष तयार होते तीच डिसलोकेशन, आणि ती रेषच पुढे पुढे जाते. पावसाआधी खळ्यावर ओली जड ताडपत्री पसरताना आपण काय करतो? सगळी एकदम ओढत नाही. एका टोकाला सुरकुती उचलतो आणि ती पायाने ढकलत पलीकडे नेतो. सुरकुती पार गेली की ताडपत्री तेवढी सरकलेली असते. धातूत हेच चालतं, फक्त पाऊल एका अणूचं.

बरीच वर्षं हे कागदावरच होतं. १९५६ मध्ये केंब्रिजला हिर्श, हॉर्न आणि व्हेलन यांनी अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पापुद्रा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि या रेषा चालताना दिसल्या.

वंगण
भट्टीवाले, हे सगळं आमच्या कामात कुठे येतं? मी बोटीची इंजिनं करतो. सोप्या भाषेत सांगा.

भट्टीवाला
तुमच्याच कामात तर येतं! डिझेल लाइनचा तांब्याचा वायसर (वॉशर) जुना झाला की काय करता?

वंगण
नवीन टाकतो. नसेल तर जुनाच लाल करून पाण्यात टाकतो, मऊ होतो, पुन्हा धरतो. नोझलखालचा असेल तर रिस्क घेत नाही. अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर साबण चोळून तापवतो. साबण काळा पडला की बस. अ‍ॅल्युमिनियम लाल होत नाही, लाल व्हायच्या आधी वितळून खाली पडतं.

भट्टीवाला
वा! साबणाची युक्ती अस्सल आहे.

आता त्या वायसरमध्ये काय झालं ते बघा. आवळला, दाबला, तेव्हा आत डिसलोकेशन पळाल्या, आणि पळताना त्यांना नवीन पिल्लं झाली. दाबत गेलं की त्यांची संख्या इतकी वाढते की त्या एकमेकींच्या वाटेत येतात, गुंता होतो, कुणालाच सरकता येत नाही. वायसर कडक झाला म्हणतो तो याने. मऊ तांब्याच्या एका घन सेंटीमीटरमध्ये या रेषा टोकाला टोक लावून मोजल्या तर दहापासून हजार किलोमीटरपर्यंत भरतील. तेच तांबं थंड असताना चांगलं ठोकलं की दहा लाख किलोमीटर. चंद्रावर जाऊन परत आलात तरी उरेल. साखरेच्या चौकोनी खड्याएवढ्या तांब्यात!

तापवलं की अणूंना हलायला मुभा मिळते, गुंता सुटतो, नवे स्वच्छ कण वाढतात आणि धातू पुन्हा मऊ. तांबट हंडा घडवताना थोडा ठोकून पुन्हा भट्टीत का घालतो, ते हेच. न तापवता ठोकतच राहिला तर कड तडकते.

फक्त एक लक्षात ठेवा. तांब्याला पाण्यात टाका नाहीतर हवेत ठेवा, मऊच होणार. पाणी फक्त काजळी झाडायला आणि वेळ वाचवायला. पोलादाचं उलट. कोयती लाल करून पाण्यात घातली की कार्बन आतच अडकतो, डिसलोकेशनची वाट अडते, पातं काचेसारखं कडक होतं. लोहार नंतर त्याला थोडी ऊब देऊन नरम आणतो, नाहीतर माडाच्या पहिल्याच घावाला कपचा उडेल.

सुकी_सुरमई
म्हणजे लोखंडात डिसलोकेशन असणं चांगलं की त्यांना अडवणं चांगलं? आता माझाच गुंता झाला.

भट्टीवाला
हाच खरा प्रश्न आहे, ताई. सरकल्या की धातू वाकतो, अडवल्या की ताकद येते. अजिबात सरकत नसतील तर वाकायच्या ऐवजी तुटतो. कपबशी तुटते, पितळी पेला चेपतो. माझ्या आख्ख्या नोकरीचा सारांश एवढाच: किती सरकू द्यायचं आणि किती अडवायचं. बसवून टाकायची गोष्टच नाही ही.

जांभ्या
भूगर्भशास्त्र शिकवतो, बोअरवाल्या गृहस्थांची बाजू मांडायला आलो. शाळेच्या भूगोलात प्रस्तरभंग वाचला असेल, आम्ही विभंग म्हणतो. खडकाला भेग पडून तिच्या दोन्ही बाजू एकमेकींपासून सरकल्या तरच विभंग. नुसती भेग असेल तर ती सांध. खडकांतला हा सरकलेपणा दर्शवायला डिसलोकेशन हा जुना, ढोबळ शब्द अजून वापरतात.

कोकणात प्रत्येक भेगेला विभंग म्हणायची हौस आहे. बेसॉल्टचा रस थंड होताना आक्रसतो आणि त्याला सांधी पडतात, त्यात काही सरकलेलं नसतं. शेजाऱ्यांच्या बोअरला पाणी लागेल की नाही हे बरेचदा या सांधींवर, खालच्या थरात पोकळ्या आहेत की घट्ट दगड, आणि मध्ये एखादी डाइक आडवी आली आहे का, यावर ठरतं. मुरूड, कोर्लईकडे ओहोटीला किनाऱ्यावर काळ्या दगडाच्या भिंती समुद्रात शिरताना दिसतात, त्या डाइक. जमिनीखाली अशी भिंत असली की एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला ठणठणाट.

पण खरंच सरकलेलंही आहे. पनवेलपासून दक्षिणेला किनाऱ्याकडे येताना घाटातले आडवे थर पश्चिमेला कलत जातात, काही ठिकाणी चांगलेच. ही पनवेल वळी. आणि गरम पाण्याची कुंडं नकाशावर मांडून बघा: वज्रेश्वरी, गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, आपल्या दापोली तालुक्यातलं उन्हवरे, मग आरवली, तुरळ, राजवाडी, राजापूरचं उन्हाळे. सगळी किनाऱ्याला धरून उत्तर-दक्षिण माळ. पावसाचं पाणी खोल भेगांतून खाली जातं, तापतं, वर येतं. उन्हवऱ्याचं पाणी सत्तर अंशांच्या आसपास असतं, हात घालायच्या भानगडीत पडू नका.

उनाड_वारा
सर, मग तळिये, इर्शाळवाडी? ते पण हेच का?

जांभ्या
नाही. त्या दरडी. पावसाने भिजलेला मातीचा आणि कुजलेल्या दगडाचा थर उतारावरून सुटतो, किलोमीटरभर खोल काही सरकलेलं नसतं. दोन्हींची सरमिसळ झाली की उपायही चुकतात. उतारावर पाण्याचा निचरा करता येतो, विभंगाचा नाही.

बांगडा_फ्राय
आणि जैतापूर?

अ‍ॅडमिन
जैतापूरसाठी वेगळा धागा काढा. मागचा एक कुलूपबंद करावा लागला होता.

जांभ्या
आभार. :) कोयनेचं मात्र बोलावंच लागेल, ते याच विषयात बसतं. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, तीव्रता ६.३, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. कोकणातल्या जुन्या माणसांना तो हादरा आठवतो. तिथे बेसॉल्ट साधारण किलोमीटरभर जाड, त्याखाली ग्रॅनाइटसारखा प्राचीन खडक, आणि विभंग त्या खालच्या खडकात. दोन बाजू उभ्या नाही, आडव्या सरकल्या. वर धरणाच्या आसपास जमिनीवर तिरक्या भेगांची रांग उमटली. धरणाच्या पाण्याने विभंग तयार केला नाही, तो तिथे होताच आणि ताणलेलाही होता. पाण्याचा भार आणि भेगांत झिरपलेल्या पाण्याचा दाब यांनी त्याला निमित्त दिलं.

भट्टीवाल्यांना आवडेल अशी गोष्ट आता. व्होल्टेरा नावाच्या इटालियन गणितज्ञाने १९०७ मध्ये एक कल्पना मांडली: लवचिक पदार्थ घ्या, त्याला काप द्या, कापाच्या दोन बाजू थोड्या सरकवून पुन्हा चिकटवा, तर आजूबाजूला ताण कसा पसरेल? तेव्हा धातूंचा विषयही नव्हता. पुढे तेच गणित धातूवाल्यांनी अणूंच्या ओळींना लावलं आणि भूकंपवाल्यांनी विभंगांना. आज भूकंपानंतर उपग्रहाने मोजलेली जमीन किती सेंटीमीटर हलली यावरून खाली विभंग किती सरकला हे काढतात, ते याच गणिताने. टेलरची रेष अणूएवढी, आमची कित्येक किलोमीटर.

भट्टीवाला
व्होल्टेरा आमच्याकडे पहिल्याच धड्यात असतो, पण तुमच्याकडेही तोच, हे वाचून मजा वाटली. एक शंका: खोल, गरम खडक भेगा न पडता वाकतो म्हणतात. तो कसा? तिथे तर आमच्यासारखंच व्हायला हवं.

जांभ्या
तसंच होतं. भूकवचाखाली प्रावरणात ऑलिव्हिन नावाचं खनिज भरपूर. त्याच्या स्फटिकांत तुमच्याच डिसलोकेशन सरकतात आणि घन खडक लाखो वर्षांत वाहतो. भूखंड हलतात त्यात याचा मोठा वाटा. खडक थंड असेल तर तुटून विभंग होतो, गरम असेल तर आतल्या रेषा सरकून वाकतो.

इतक्या खोलवर जायलाही नको. मालवण-वेंगुर्ल्याकडचे 'नाइस' (gneiss) नावाचे खडक बेसॉल्टच्या कितीतरी आधीचे, कधीकाळी खोल दबलेले. त्यांची पातळ चकती घासून ध्रुवीकरण सूक्ष्मदर्शकाखाली फिरवली की क्वार्ट्झचा एकच कण सगळा एकदम काळा होत नाही, सावली त्याच्यावरून लाटेसारखी सरकते. स्फटिक आतून डिसलोकेशननी मुरगळलेला असतो म्हणून. मुलांना हे दाखवलं की पहिल्यांदा त्यांना वाटतं भिंग खराब आहे.

खाजणातला_खेकडा
म्हणजे आमच्या मालवणचो दगडय आतसून मुरगळलेलो. माणसांचा काय सांगा!

वंगण
डॉक्टर, मग धातू तापवून पूर्ववत होतो तसा खांदा पूर्ववत होत नाही का? भाऊबंद म्हणतात एकदा निखळला की निखळतच राहतो.

हाडांचा_हिशेब
बसतो, पण आत काय फाटलंय त्यावर पुढचं ठरतं. पुढे सरकताना डोकं वाटीच्या कडेची कुर्चा बरेचदा उखडतं, आणि वाटीच्या कडेवर आपटून डोक्यालाच मागे खाच पडते. खाच आणि उखडलेली कड असा जोड जमला की पुढच्या वेळी कमी जोरात सुटतो. विशीच्या आतल्या मुलांत पुन्हा निखळायचं प्रमाण फार. चाळिशीनंतर ते कमी, पण तेव्हा खांदा फिरवणारे स्नायू फाटलेत का ते बघावं लागतं. वरचेवर निखळत असेल तर दुर्बिणीने कुर्चा पुन्हा टाचतात.

सुरमईताई, भावाचं वय काय? आणि दंडाच्या त्या बिल्ल्याच्या जागी स्पर्श नीट कळतोय का?

सुकी_सुरमई
सव्वीस. स्पर्श कळतोय, आत्ताच टाचणी टोचून बघितलं, शिव्या खाल्ल्या. झोळीत हात आहे. पण विचारतोय, बोटीवर कधी जाऊ? आता ३१ जुलैपर्यंत बंदीच आहे म्हणा.

हाडांचा_हिशेब
बंदी त्याच्या पथ्यावरच पडली. झोळी साधारण तीन आठवडे, पण बोटं, मनगट, कोपर रोज हलवायचं, नाहीतर तेच आखडतात. मग व्यायाम, फिजिओथेरपिस्टकडून शिकूनच. हात डोक्याच्या वर नेऊन जोर लावायचं काम तीन महिने नाही. म्हणजे नारळी पौर्णिमेला बोट निघाली तर जाऊ दे, पण सुकाणू धरायला. जाळं दुसऱ्याने ओढायचं. सव्वीस वय आणि ओढीचं काम, म्हणून एमआरआय करायचा का हे तुमच्या डॉक्टरांना पुढच्या भेटीत नक्की विचारा.

सुकी_सुरमई
सुकाणू तांडेल देईल तर ना! बघते बोलून. चिरंजीवाला हा धागा वाचायला दिलाय, म्हणतो भट्टीवाले काकांना परीक्षेच्या आधी फोन करू का.

भट्टीवाला
व्यनि करा. येताना बांगडे आणायचे.